आबाक : दोन शेजारी, एक खतावणी

संस्थेच्या नावातच हिशेब आहे. ‘अणुद्रव्यांचा हिशेब आणि नियंत्रण ठेवणारी ब्राझील-अर्जेंटिना संस्था’ असे तिचे लांबलचक नाव. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत त्याची आद्याक्षरे एकच येतात, त्यामुळे दोन्हीकडचे लोक तिला ‘आबाक’ म्हणतात. मुख्यालय रिओ दि जानेरोत. ज्या कराराने ती जन्मली त्यावर 18 जुलै 1991 रोजी सह्या झाल्या. 2026 च्या 18 जुलैला त्याला 35 वर्षे पूर्ण होतात. काम एका वाक्यात सांगता येते: ब्राझीलच्या अणुकेंद्रांतले युरेनियम अर्जेंटिनाचे निरीक्षक मोजतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलचे. दोनच देशांनी मिळून एकमेकांच्या अणुद्रव्याची अशी तपासणी करणारी दुसरी संस्था जगात नाही.

हे वाचून वाटेल की दोघांची जुनी मैत्री असणार, म्हणून एवढी मोकळीक. तसे मुळीच नव्हते. दारे उघडली तेव्हा संशय पुरता शिल्लक होता. विश्वास नंतर आला, मोजता मोजता साठला. आबाकच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा क्रम, आणि पुढची हकीकत त्याच क्रमाने सांगतो.

दक्षिण अमेरिकेतले हे दोन मोठे देश. 1825 ते 1828 या काळात आजच्या उरुग्वेच्या भूमीवरून ते आपसात लढले होते. एकोणिसाव्या शतकानंतर युद्ध झाले नाही, पण दोन्ही सैन्यांच्या नकाशांवर ‘शत्रू’ म्हणून शेजारीच असे. विसाव्या शतकाच्या मध्याला या चुरशीत अणू आला. अर्जेंटिनाची सुरुवात फजितीने झाली. रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञाने पॅटागोनियातल्या सरोवरातल्या वेमुल बेटावर प्रयोगशाळा थाटली, आणि मार्च 1951 मध्ये अध्यक्ष पेरोन यांनी अणुसंमीलन साधल्याची घोषणा जगापुढे केली. दुसऱ्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने हा दावा पोकळ ठरवला. त्या समितीत होसे बाल्सेइरो हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता. तिथून जवळच, बारिलोचे गावी, 1955 मध्ये त्यानेच भौतिकशास्त्राची संस्था उभी केली, आणि अर्जेंटिनाच्या अणुविज्ञानाच्या पिढ्या तिथे घडल्या. फसवणूक उघड करणाऱ्या माणसाच्या हातून पाया घातला गेला, हे त्या देशाचे भाग्यच म्हणायचे.

1974 मध्ये अर्जेंटिनाची आतुचा ही अणुभट्टी वीज देऊ लागली. 1975 मध्ये ब्राझीलने पश्चिम जर्मनीशी मोठा करार केला: आठ अणुभट्ट्या आणि त्यांच्यासोबत युरेनियम समृद्धीकरणाचे तंत्रही. मधल्या काळात, मे 1974 मध्ये, पोखरणचा स्फोट झालेला होता. त्यानंतर अणुतंत्र विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन हात आखडता घेतला, आणि विकसनशील देशाचा कोणताही अणुकार्यक्रम संशयास्पद ठरू लागला. ब्राझीलच्या लष्करी राजवटीने मग 1979 च्या सुमारास जर्मन कराराच्या बाहेर, गुपचूप, स्वतःचा समांतर कार्यक्रम सुरू केला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर दोघांनीही सही केली नव्हती. ज्यांच्याकडे बॉम्ब आहे त्यांच्याकडे तो राहणार आणि इतरांनी मात्र तपासणीखाली राहायचे, हा पक्षपात आहे, असे दोघांचे म्हणणे. भारताचेही म्हणणे तेच होते.

1967 च्या त्लातेलोल्को कराराने लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठरवली होती. मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांना त्याच कामासाठी 1982 चे शांततेचे नोबेल मिळाले. पण अर्जेंटिनाने सही करूनही करार मंजूर केला नव्हता, आणि ब्राझीलने मंजूर करूनही तो स्वतःला लागू होऊ दिला नव्हता. म्हणजे खंडाच्या करारातून नेमके हे दोन मोठे देशच बाहेर.

गाठ सुटायला सुरुवात झाली ती पाण्यापासून. पाराना नदीवर ब्राझील आणि पॅराग्वे यांनी मिळून इताइपूचे प्रचंड धरण बांधायला घेतले होते. नदीच्या खालच्या अंगाला अर्जेंटिना. आपल्या नियोजित कोर्पुस धरणाचे काय होणार, आणि उद्या बिनसले तर वरून सोडलेले पाणी कुठवर येईल, ही धास्ती तिथल्या सेनापतींना झोपू देत नव्हती. ऑक्टोबर 1979 मध्ये तिन्ही देशांनी पाण्याच्या पातळ्यांवर तडजोड केली. सातच महिन्यांनी, मे 1980 मध्ये, ब्राझीलचे अध्यक्ष फिगेरेदो ब्युनोस आयर्सला गेले आणि अणुऊर्जेच्या शांततामय वापरात सहकार्य करण्याचा करार झाला. त्या वेळी दोन्हीकडे लष्करशाही होती. लोकशाही आली आणि सगळे सुरळीत झाले, अशी सोपी कथा पुष्कळदा सांगितली जाते. ती अर्धवट आहे. बीज लष्करशहांच्या काळातच पडले होते.

1982 मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना ब्रिटनशी लढला आणि हरला. 2 मे रोजी ब्रिटनच्या अणुपाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडवली. 323 माणसे गेली. राजनैतिक संबंध तुटले तेव्हा लंडनमध्ये अर्जेंटिनाचे हितसंबंध सांभाळले ब्राझीलच्या वकिलातीने. संकटात शेजारी उपयोगी पडला, ही आठवण पुढे कामी आली. दुसऱ्या वर्षी 18 नोव्हेंबरला अर्जेंटिनाने जाहीर केले की पॅटागोनियातल्या पिल्कानियेऊ येथे आपण युरेनियम समृद्धीकरण साधले आहे. ही बातमी जगाला देण्याआधी फिगेरेदो यांना कळवण्यात आली होती. धक्का बसलाच, पण शेजाऱ्याला तो वर्तमानपत्रातून बसू दिला नाही.

डिसेंबर 1983 मध्ये राउल आल्फोन्सिन अर्जेंटिनाचे लोकनियुक्त अध्यक्ष झाले. मार्च 1985 मध्ये ब्राझीलमध्ये मुलकी राजवट परतली. निवडून आलेले तांक्रेदो नेव्हेस शपथ घेण्याआधीच आजारी पडून पुढे वारले, आणि पद आले जोसे सार्ने यांच्याकडे. आल्फोन्सिन आणि सार्ने यांची भेट 30 नोव्हेंबर 1985 रोजी सीमेवर, इग्वासू येथे, दोन्ही देशांना जोडणाऱ्या नव्या पुलाच्या उद्घाटनाला झाली. पुलाला नेव्हेस यांचेच नाव. त्या भेटीत आल्फोन्सिन इताइपू धरण पाहायला गेले. ज्या भिंतीची वर्षानुवर्षे भीती घातली गेली, त्या भिंतीपाशी अर्जेंटिनाचा अध्यक्ष ब्राझीलच्या अध्यक्षाशेजारी उभा राहिला. अणुधोरणावरचे पहिले संयुक्त निवेदन याच भेटीत निघाले.

इथून पुढची तीन वर्षे या इतिहासाचा गाभा आहेत. तेव्हा आबाकही नव्हती आणि तपासणीचा करारही नव्हता. अध्यक्ष एकमेकांच्या अणुकेंद्रांना भेट देत होते, एवढेच. जुलै 1987 मध्ये सार्ने पिल्कानियेऊला गेले. बारिलोचेजवळच्या त्या ओसाड, वाऱ्याने झोडपलेल्या माळावरचा कारखाना आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नव्हता; जगभरच्या हेरखात्यांना ज्यात रस होता त्या जागेत अर्जेंटिनाने आपल्या प्रतिस्पर्ध्यालाच, त्याच्या तज्ज्ञांसह, पाहुणा म्हणून नेले. सप्टेंबरमध्ये ब्राझीलने सेंट्रिफ्यूज पद्धतीने युरेनियम समृद्धीकरण साधल्याचे जाहीर केले, आणि त्याआधी सार्ने यांचे पत्र आल्फोन्सिन यांच्या हाती पोचले होते. अर्जेंटिनाने 1983 मध्ये दाखवलेल्या रीतीची ही परतफेड. एप्रिल 1988 मध्ये आल्फोन्सिन इपेरो गावाजवळच्या आरामार या ब्राझिली नौदलाच्या केंद्रावर गेले. नोव्हेंबरात सार्ने ब्युनोस आयर्सजवळच्या एसेइसाला आले.

अशा भेटींतून एक ग्रॅमही युरेनियम मोजले जात नाही, हे खरेच. अध्यक्ष काटा घेऊन जात नाहीत. पण त्यांच्याबरोबर आलेले अभियंते डोळे मिटून चालत नाहीत. नळ कुठून कुठे जातात, इमारत केवढी, यंत्रे किती, हे जाणत्याला कळते. आणि खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत संदेश जातो तो निराळाच: वरच्याने दार उघडले आहे, आता तुम्ही कडी लावू नका. दोन्ही देशांतल्या भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटना 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून परस्पर तपासणीची मागणी करीत होत्या, आपापल्या लष्कराची नाराजी पत्करून. श्रेयाची यादी करताना अध्यक्षांच्या आधी मी त्यांची नावे घेईन.

ऑक्टोबर 1988 मध्ये ब्राझीलच्या नव्या राज्यघटनेने अणुशक्तीचा वापर केवळ शांततामय कामासाठी होईल असे लिहूनच टाकले. तरी एक जागा सलत होती. पारा राज्यातल्या काशिंबो डोंगरात लष्कराने खणलेली खोल विहीर अणुचाचणीसाठीच आहे, असा बोभाटा होता. सप्टेंबर 1990 मध्ये नवे अध्यक्ष फेर्नांदो कोलोर तिथे गेले आणि कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या हाताने फावडेभर चुना त्या भोकात टाकला. तो देखावा होता हे मान्य. पण असा देखावा लष्करासमोर करायला जिगर लागते.

त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला कोलोर आणि अर्जेंटिनाचे अध्यक्ष कार्लोस मेनेम पुन्हा इग्वासूलाच भेटले आणि हिशेबाची समाईक पद्धत ठरली. 18 जुलै 1991 रोजी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात द्विपक्षीय करार झाला: अणुशक्ती फक्त शांततेसाठी, ‘शांततामय’ म्हणवल्या जाणाऱ्या अणुस्फोटांनाही बंदी, आणि अंमलबजावणीसाठी आबाक. 13 डिसेंबर 1991 रोजी व्हिएन्नात चतुष्पक्षीय करारावर सह्या झाल्या: दोन देश, आबाक आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था. तो 4 मार्च 1994 रोजी अमलात आला. त्याच वर्षी त्लातेलोल्को करार दोघांना लागू झाला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात अर्जेंटिना 1995 मध्ये आणि ब्राझील 1998 मध्ये सामील झाला. जगाने ज्या करारासाठी तीन दशके दडपण आणले, तो सर्वांत शेवटी आला. शेजाऱ्याशी झालेला करार आधी.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. आबाकचा कारभार आटोपशीर आहे. वर चार जणांचा आयोग, प्रत्येक देशाचे दोन. खाली सचिवालय, त्याचा सचिव एक वर्ष ब्राझीलचा, एक वर्ष अर्जेंटिनाचा, आणि उपसचिव दुसऱ्या देशाचा. खर्च निम्मानिम्मा. निरीक्षक मात्र कायम नोकरीतले नाहीत. दोन्ही देशांच्या अणुसंस्थांत आणि प्रयोगशाळांत रोजचे काम करणाऱ्या तज्ज्ञांची यादी असते. मोहीम ठरली की त्यातून माणसे बोलावली जातात, शेजारच्या देशात पाठवली जातात आणि काम संपवून परत आपल्या टेबलावर येतात. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. जो माणूस स्वतः इंधनकांड्या बनवतो किंवा अणुभट्टी चालवतो, त्याला दुसऱ्याच्या कारखान्यातली खोच चटकन दिसते. आणि आज जो तपासायला गेला, त्याच्याच कारखान्यात उद्या दुसरा तपासायला येणार असतो.

तपासणी म्हणजे आपल्याकडच्या गोदामातली साठा-मोजणीच, फक्त माल भलताच नाजूक. प्रत्येक केंद्राची वही असते: आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. निरीक्षक आधी वही पाहतो. मग युरेनियम हेक्झाफ्लोराइडची नळकांडी काट्यावर चढवतो, इंधनाच्या कांड्या मोजतो, गॅमा किरणांच्या उपकरणाने आत काय आहे ते बाहेरून ताडतो, नमुने घेऊन प्रयोगशाळेकडे धाडतो. कॅमेऱ्यांचे चित्रण तपासतो, लावलेली सीले तुटली नाहीत ना ते बघतो. वही आणि माल यांचा मेळ घालायचा. तो अगदी तंतोतंत कधीच बसत नाही, कारण थोडे युरेनियम नळांच्या आतल्या अंगाला चिकटून राहते आणि मोजमापात थोडीफार चूक असतेच. म्हणून खरा प्रश्न हा असतो: तूट समजण्याजोगी आहे की नाही? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबाने 8 किलो प्लुटोनियम, किंवा अतिसमृद्ध युरेनियममधले 25 किलो युरेनियम-235, एवढे बेपत्ता झाले तर एका बॉम्बाची शक्यता नाकारता येत नाही. तूट त्याच्या जवळपासही फिरकता कामा नये, यासाठी सारा खटाटोप. काही तपासण्या ठरवून होतात, काही ऐनवेळी कळवून.

‘दोघांनी संगनमत केले तर?’ हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे आणि तो रास्त आहे. चतुष्पक्षीय करार त्यासाठीच केला गेला. आबाकबरोबर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, म्हणजे व्हिएन्नाचे, निरीक्षकही येतात, दोघे शेजारीशेजारी मोजतात, पण निष्कर्ष ज्याचा त्याने स्वतंत्रपणे काढायचा.

ताणाचे प्रसंग आले. 2004 मध्ये ब्राझीलच्या रेझेंदी येथील समृद्धीकरण कारखान्यात सेंट्रिफ्यूज यंत्रांभोवती आडोसे उभे केलेले होते. तंत्र आमचे, ते आम्ही दाखवणार नाही, असे ब्राझीलचे म्हणणे. न पाहता खात्री कशी द्यायची, असे व्हिएन्नाचे. महिनोन् महिने वाटाघाटी चालल्या. शेवटी यंत्रे आडोशातच राहिली, पण त्यांत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या नळांपर्यंत निरीक्षकांना जाता येईल अशी तोड निघाली. आत काय गेले आणि बाहेर काय आले हे कळले की हिशेब लागतो. यंत्र कसे फिरते हे कळण्याची त्याला गरज नाही.

अधिक कडक तपासणीचा ‘अतिरिक्त प्रोटोकॉल’ मात्र दोन्ही देशांनी आजवर स्वीकारलेला नाही. अण्वस्त्रे असणारे देश आपली शस्त्रे सोडत नाहीत आणि आमच्यावरच नवी बंधने का, हा जुनाच सूर त्यामागे आहे. 2011 मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने चतुष्पक्षीय कराराला प्रोटोकॉलचा तात्पुरता पर्याय म्हणून मान्यता दिली. तो आबाकचा मोठाच गौरव होता. तरी माझे मत असे की या संस्थेची पत एवढी वाढली आहे की प्रोटोकॉल स्वीकारल्याने दोघांचे काही कमी होणार नाही. पुढची कसोटी समोरच आहे. ब्राझीलचे नौदल अणुपाणबुडी बांधत आहे. पाणबुडीच्या भट्टीतले इंधन समुद्राखाली असताना कोणी मोजू शकत नाही. त्यासाठी करारातल्या तेराव्या कलमात खास व्यवस्थेची तरतूद आहे, आणि तिचा तपशील ठरवण्याची बोलणी 2022 मध्ये सुरू झाली. हे कलम याआधी कधी वापरलेले नाही. जो पायंडा पडेल तो इतर देशांनाही बांधील, म्हणून तो घट्ट पडला पाहिजे.

राजकारणाचे वारे या काळात कितीदा फिरले. 2001 मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली. पुढे दोन्हीकडच्या अध्यक्षांत बोलणेही बंद व्हावे इतका दुरावा आला, आणि तो एकदाच आलेला नाही. तपासण्या थांबल्या नाहीत. संशोधनातले सहकार्यही चालू आहे: एसेइसा आणि इपेरो या दोन्ही ठिकाणच्या नव्या संशोधन-भट्ट्यांच्या आराखड्यात बारिलोचेच्या इन्वाप या एकाच कंपनीचा हात आहे. आल्फोन्सिन ज्या आरामार केंद्राला भेट द्यायला गेले होते, त्याच्याच शेजारी ब्राझीलची ही भट्टी उभी राहायची आहे.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. आंतरराष्ट्रीय निरीक्षक आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या जुन्या भट्ट्यांतही येतात. आणि आल्फोन्सिन-सार्ने एकमेकांच्या केंद्रांना भेटी देत होते त्याच 1988 मध्ये, 31 डिसेंबर रोजी, राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांच्या काळात भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार 1992 पासून दरवर्षी 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिली, बालाकोटनंतरही दिली. आपली परिस्थिती निराळी आहे, दोघांकडेही अस्त्रे आहेत, आणि आबाक जशीच्या तशी उचलून इथे आणता येणार नाही, हे मी जाणतो. पण बातमी आधी शेजाऱ्याला कळवायची, ही रीत ब्राझील-अर्जेंटिनाच्या वाटेवरची पहिली पायरी होती, आणि ती पायरी आपण चढलेलो आहोत. येत्या 1 जानेवारीला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर यादीची ती चार ओळींची बातमी येईल. ती शोधून वाचा, आणि यादीनंतर पुढे काय, हा प्रश्न आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा.